केमिस्ट्रीत रमलेले, वैतागलेले आणि जाऊ पाहणारे, सगळे इथे या

रोटाव्हॅपवाला (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात पुतणीने विचारलं, काका तुम्ही एवढी वर्षं केमिस्ट्रीत काढलीत, त्यात नक्की आहे काय ते सांगा ना, मी पण घेऊ का. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण जे सुचत होतं ते सगळं कॉलेजच्या माहितीपत्रकातलं. औषधं, रंग, बॅटऱ्या, खतं, "केमिस्ट्री सगळीकडे आहे". हे खरंच आहे, पण त्यासाठी कोणी आयुष्याची बावीस वर्षं सॉल्व्हंटच्या (विरघळवणाऱ्या द्रवाच्या) वासात काढत नाही. मग तिला म्हणलं दोन दिवस दे, विचार करून सांगतो.

विचार केला तर पहिली आठवण आली ती नामुष्कीची. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका रिअ‍ॅक्शनचं यील्ड, म्हणजे हिशोबाने जेवढा माल निघायला हवा त्याच्या किती टक्के निघाला, ते मी ११२ टक्के काढलं. आनंदाने रजिस्टरवर लिहिलं पण. साहेब आले, बघितलं, शांतपणे म्हणाले, "अरे वा, म्हणजे तू वस्तुमानच निर्माण केलंस." माल ओला होता, मी सॉल्व्हंटसकट वजन केलं होतं. तो दिवस मी विसरलेलो नाही आणि खरं सांगायचं तर या धंद्याची गोडी तिथेच लागली, कारण वजनकाट्याला माझ्या आनंदाशी काही देणंघेणं नव्हतं. आकडा जुळत नाही म्हणजे नाही, तुम्ही कोणीही असा.

तर माझं उत्तर हेच की इथे "जुळत नाही" याला किंमत आहे. बाकी बऱ्याच कामांत जुळलं नाही की माणूस झाकतो, इथे झाकलंत तर नुकसान तुमचंच.

उदाहरण सांगतो. लॉर्ड रॅले हा इंग्रज शास्त्रज्ञ हवेतून काढलेल्या नायट्रोजनची घनता मोजत होता. हवेतला नायट्रोजन आला लिटरला १.२५७२ ग्रॅम, आणि रासायनिक पद्धतीने बनवलेला आला १.२५०५. फरक कुठे, तर दशांश चिन्हानंतर तिसऱ्या आकड्यात. कोणीही म्हणलं असतं जाऊ दे, काट्याची चूक असेल. हा माणूस सोडेना, मग विल्यम रॅमसे त्याला येऊन मिळाला आणि १८९४ मध्ये त्या फरकातून आर्गॉन निघाला. हवेत जवळजवळ १ टक्का आर्गॉन आहे, म्हणजे प्रत्येक श्वासात आपण घेतोय आणि तोवर कोणाला पत्ता नाही! १९०४ साली दोघांनाही नोबेल, एकाला फिजिक्सचं, एकाला केमिस्ट्रीचं.

तुम्ही तुमचं सांगा. पगाराचं पण सांगा, लाजू नका. पुतणी वाचणार आहे, नंतर मला बोल नको.

मोजूनमापून

बावीस वर्षं क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणं) आणि अ‍ॅनालिटिकलमध्ये आहे. धागा आवडला, विशेषतः ११२ टक्के. (आमच्याकडे ११२ आले तर माझ्या लॅबमधून फोन जातो आणि समोरचा म्हणतो तुमचं मशीन बिघडलंय.)

सिंथेसिसवाल्यांना, म्हणजे रेणू बनवणाऱ्यांना, वाटतं की खरी केमिस्ट्री तेच करतात आणि आम्ही नुसते सही करणारे. तर जरा आमची बाजू. २०१८ मध्ये वॅलसार्टन या ब्लडप्रेशरच्या औषधात एनडीएमए नावाची इम्प्युरिटी (अशुद्धी) सापडली, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी, आणि कित्येक देशांतून माल परत मागवावा लागला. झालं असं होतं की बनवायची पद्धत बदलली होती, नवीन पद्धतीत डीएमएफ सॉल्व्हंट होतं आणि उरलेला अझाइड (रिअ‍ॅक्शनला वापरलेलं रसायन) नष्ट करायला सोडियम नायट्राइट टाकत होते. डीएमएफ थोडं तुटलं की डायमिथाइलअमाइन होतं, ते आणि नायट्राइट एकत्र आले की एनडीएमए. कागदावर लिहिलं तर कॉलेजातलं पोर पण सांगेल. पण नेहमीच्या टेस्टमध्ये ते दिसतच नव्हतं कारण कोणी ते शोधतच नव्हतं. मग मर्यादा ठरली दिवसाला ९६ नॅनोग्रॅम, एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, आणि एवढंसं मोजायच्या मेथड बसवायला आमच्यासारखे लोक रात्र रात्र बसले.

आता यातला आनंद काय विचाराल तर सांगता येणं अवघड आहे. मशीन मिश्रणातले घटक वेगळे करून आलेख काढतं, त्याच्या बेसलाइनवर (सपाट रेषेवर) एक बारका उंचवटा असतो, चार जण म्हणतात नॉइज आहे, तुम्हाला वाटतं नाही. मोबाइल फेज (आतून वाहणारं द्रव) बदलता, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बदलता, तापमान बदलता, आणि एका संध्याकाळी तो उंचवटा बाजूला सरकून स्वतंत्र पीक (शिखर) म्हणून उभा राहतो. लॅबमध्ये कोणी नसतं. मी एकटीच टाळ्या वाजवल्यात.

पगार: सुरुवातीला कमी, सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणींपुढे तर खूपच कमी. पाच-सहा वर्षांनी हातात मेथड डेव्हलपमेंट आणि ऑडिटचा अनुभव आला की बरा. नुसती रूटीन टेस्टिंग करत राहिलात तर तिथेच राहता, हे पुतणीला नक्की सांगा.

हूडबाहेरचा

वैतागलेले पण या म्हणलात म्हणून आलो.

मी पीएचडी केली, टोटल सिंथेसिस, म्हणजे साध्या रसायनांपासून अवघड रेणू पायरीपायरीने बनवणं. साधं गणित मांडतो. दहा पायऱ्यांची सिंथेसिस आहे आणि प्रत्येक पायरीला यील्ड ९० टक्के, म्हणजे उत्तमच म्हणायचं. तर शेवटी हातात उरतं साधारण ३५ टक्के. प्रत्येक पायरीला ७० असेल, जे जास्त खरं आहे, तर उरतात ३ टक्क्यांच्या आत. माझ्या वीस पायऱ्या होत्या. सतराव्या पायरीला ४० मिलिग्रॅम माल उरला होता, आठ महिन्यांचं काम एका छोट्या व्हायलमध्ये, आणि रिअ‍ॅक्शन लागली नाही. टीएलसीवर (मालात काय काय आहे ते ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर) स्पॉटच स्पॉट, शेपटीसकट. परत पहिल्या पायरीपासून. गाईडचं म्हणणं "केमिस्ट्रीत असंच असतं", आणि शनिवार रविवार पण लॅब.

दोन वेळा परत चढलो, तिसऱ्यांदा रस्ता बदलून पोचलो. पण तोपर्यंत प्रेम संपलं होतं. आता पेटंटचं काम करतो, दुसऱ्यांच्या रिअ‍ॅक्शन वाचतो आणि त्यांचे दावे तपासतो. हात स्वच्छ, वास नाही, पगार लॅबपेक्षा चांगला. त्यामुळे "रमतं" वगैरे म्हणताना सर्व्हायव्हर लोकच बोलतात हे पण लक्षात ठेवा.

रोटाव्हॅपवाला

@हूडबाहेरचा, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. सतराव्या पायरीचं वाचून पोटात कालवलं. आणि गाईड निवडणं हे विषय निवडण्याइतकंच महत्त्वाचं, हे मी पण सांगणार होतो.

पण एक विचारू का, रागावू नका. पेटंट वाचताना एखाद्या उदाहरणात यील्ड संशयास्पद दिसलं तर तुम्हाला जे टोचतं ना, ते कुठून आलं?

हूडबाहेरचा

रागावलो नाही. त्या सतराव्या पायरीतूनच आलं. मान्य. कालच एकाने ९९ टक्के लिहिलं होतं आणि ते पण कॉलममधून शुद्ध केल्यानंतर, ज्यात थोडा माल जातोच, मी खुर्चीत हसलो.

सहज_डोकावले

केमिस्ट नाही, सहज वाचतेय. पण मला कळत नाही, इतकं कौतुक चाललंय तर प्रदूषणाचं काय? शिसं घातलेलं पेट्रोल, ओझोनचं भोक, विषारी वायू, हे सगळं कोणी केलं? केमिस्ट लोकांनीच ना? मुलीला हे पण सांगणार का?

मोजूनमापून

+१, प्रश्न बरोबर आहे. टाळू नये.

प्लांटवरचा_दादा

हा प्रश्न आला म्हणून लॉगिन केलं, एरवी वाचून जातो.

ताई, हो. आम्हीच केलं. थॉमस मिजली हा एकच माणूस, पेट्रोलमधलं शिसं पण त्याचं आणि फ्रिजमधले सीएफसी पण त्याचे. सीएफसी तेव्हा वरदान वाटले होते कारण जळत नाहीत, विषारी नाहीत, कशाशी रिअ‍ॅक्ट होत नाहीत. आणि नेमकं तेच नडलं, कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाहीत म्हणून न तुटता वरपर्यंत पोचतात आणि तिथे अतिनील किरणांनी क्लोरीन सुटतो आणि ओझोन तोडतो. हे शोधलं ते पण केमिस्टनीच, मोलिना आणि रोलंड, १९७४ मध्ये. नुसता हिशोब केला की एवढा माल दरवर्षी बनतोय तर तो जातो कुठे. परत तेच बघा धागाकर्त्याचं, हिशोब जुळत नाही. १९८७ ला सीएफसी आवरण्याचा माँट्रियल करार झाला, १९९५ ला दोघांना क्रुटझेनबरोबर नोबेल मिळालं.

फ्रिट्झ हाबर या जर्मन केमिस्टचं तर आणखी अवघड आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया त्यानेच काढून दाखवला, आज जगातली निम्मी माणसं त्या खतावर उगवलेलं खातात असा अंदाज मांडला जातो, आणि तोच माणूस १९१५ मध्ये क्लोरीन वायू युद्धात वापरायला पुढे होता. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आता माझं. मी प्लांटवर आहे, स्केल-अप, म्हणजे लॅबमधली रिअ‍ॅक्शन मोठ्या भांड्यात नेणं, ते बघतो. लॅबवाले (धागाकर्ते माफ करा) एक लिटरच्या फ्लास्कमध्ये बर्फात ठेवून रिअ‍ॅक्शन करतात आणि म्हणतात झालं, घ्या आता दोन हजार लिटरला. अहो भांडं मोठं झालं की माल घनाने वाढतो आणि पृष्ठभाग वर्गाने. उष्णता तयार होते मालात आणि बाहेर पडते भिंतीतून. लॅबमध्ये जी रिअ‍ॅक्शन कोमट पण होत नाही ती प्लांटवर हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून आम्ही एका लिटरला दहा मिनिटांत घालायचं ते इथे सहा तासांत घालतो, थेंब थेंब, आणि टेंपरेचरच्या आकड्याकडे बघत उभे राहतो.

यावर माझा देव म्हणजे कार्ल बॉश. हाबरने टेबलावर करून दाखवलं १९०९ ला, पण कारखान्यात दोनशे वातावरणाइतका दाब आणि चारशे-पाचशे अंश तापमान, आणि तिथे पोलादाच्या नळ्या चक्क काही दिवसांत फुटायला लागल्या. का? तर हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बनच खाऊन टाकत होता, पोलाद ठिसूळ. बॉशने काय करावं, आतून मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, ज्यात कार्बन जवळजवळ नाहीच, आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन गपचूप बाहेर. प्रेशरच्या भांड्याला भोकं! १९१३ ला जर्मनीतला ओपाऊचा कारखाना सुरू झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या.

शिफ्ट असतात, रात्रपाळी असते, घरच्यांना वास येतो. पण बॅच निघाली, सेंट्रिफ्यूजमधून पांढरा माल बाहेर आला की टनात दिसतो, मिलिग्रॅममध्ये नाही. @हूडबाहेरचा, इकडे यायचं होतंत.

सहज_डोकावले

उत्तर आवडलं. भोकांचं तर फारच.

वाचनमात्र

धागा वाचनखुणेत टाकला. @हूडबाहेरचा आणि @प्लांटवरचा_दादा दोघांनी स्वतंत्र लेख लिहा ही विनंती.

कोडकेमी

मी कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीत. माझ्या हाताला आयुष्यात डाग पडलेला नाही, म्हणून इथले ज्येष्ठ मला केमिस्ट मानतील का शंका आहे :)

हल्ली सगळे विचारतात की एआय आल्यावर केमिस्टचं काय होणार. २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल बेकर, हसाबिस आणि जंपर यांना मिळालं, प्रोटीनचं डिझाइन आणि प्रोटीनचा आकार भाकीत करणं यासाठी. तुलना करायची तर डोरोथी हॉजकिन बघा, इन्सुलिनचे एक्स-रे फोटो घ्यायला लागली १९३० च्या दशकात आणि रचना सुटली १९६९ ला, मध्ये तिने पेनिसिलिन आणि बी-१२ सोडवून १९६४ चं नोबेल पण घेतलं, आणि हे सगळं संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना. आता कित्येक प्रोटीनचा अंदाज काही मिनिटांत येतो.

पण गंमत ऐका, ते मॉडेल शिकलं कशावर? हॉजकिनसारख्या हजारो लोकांनी दशकं घालवून, क्रिस्टल वाढवून जमा केलेल्या रचनांवर. आणि माझ्या प्रोग्रामने सुचवलेले दहा रेणू लॅबमध्ये पाठवले की त्यातले सहा बनतच नाहीत, दोन विरघळत नाहीत, एक बाटलीतच खराब होतो. उरलेल्या एकासाठी मी जगतो. त्यामुळे मुलीने केमिस्ट्री घ्यावी पण सोबत थोडं प्रोग्रॅमिंग आणि स्टॅटिस्टिक्स शिकावं. ज्याला फ्लास्क पण कळतो आणि डेटा पण, त्याची चणचण आहे.

अवांतर: हॉजकिनच्या हाताखाली शिकलेली एक विद्यार्थिनी म्हणजे मार्गारेट थॅचर. अँगेला मर्केलची पीएचडी क्वांटम केमिस्ट्रीतली. बोरोदिन संगीतकार म्हणून ओळखला जातो पण पोटापाण्याचं काम केमिस्ट्रीचं. म्हणजे नंतर काहीही व्हायला मोकळे.

मोजूनमापून

@कोडकेमी मानलं हो केमिस्ट. सहा बनत नाहीत हे स्वतःहून कबूल करणारा पहिलाच भेटलात.

कोणी सुरक्षिततेचं बोललं नाही म्हणून लिहिते. कॅरेन वेटरहान, विषारी धातूंवर काम करणारी नावाजलेली प्राध्यापिका. १९९६ मध्ये डायमिथाइलमर्क्युरीचे थोडेसे थेंब तिच्या हातमोज्यावर पडले. हूड (वायू ओढून घेणारं कपाट) होता, लॅटेक्सचे मोजे होते, तेव्हाच्या नियमाप्रमाणे सगळं बरोबर. पुढच्या वर्षी जूनमध्ये ती गेली. नंतर तपासलं तर ते द्रव लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं. घाबरवायला नाही सांगत. मोज्याच्या पाकिटावर कुठल्या सॉल्व्हंटला किती मिनिटं टिकतो ते वाचायची सवय लावा, माझ्या नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी तेवढंच काम देते.

पुतणी_तीच

नमस्कार, मी ती पुतणी. काकांनी लिंक पाठवली. सगळं वाचलं, दोनदा. हूडबाहेरचा दादांचं वाचून थोडी टरकले पण आवडलं.

मला दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे मला केमिस्ट्रीतलं पाठांतर अजिबात जमत नाही, ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन तर नुसत्या नावांनी भरल्यात, मग मी यात जाऊ शकते का? आणि दुसरं, तुम्ही सगळे म्हणताय जुळत नाही ते शोधा, पण आमच्या प्रॅक्टिकलला तर उत्तर आधीच माहीत असतं आणि सगळे उत्तरावरून उलटे आकडे लिहितात. मी पण लिहिलेत. मग खरं काय?

हूडबाहेरचा

पहिल्याचं मी सांगतो. नावं पाठ करू नकोस. इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत आणि कुठे कमी आहेत एवढं बघ, जास्तीकडून कमीकडे बाण काढ. माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त रिअ‍ॅक्शन तेवढ्यावर सुटतात, नावं मग आपोआप चिकटतात. मी नापास झालो होतो ऑरगॅनिकला एकदा, नंतर त्यातच पीएचडी केली. (आणि हे लिहिताना बाण काढायची खुमखुमी आली, बघा कसं असतं.)

प्लांटवरचा_दादा

दुसऱ्याचं: उलटे आकडे आम्ही पण लिहिलेत, खोटं कशाला बोलू. पण रॉय प्लंकेटची गोष्ट ऐक. १९३८ साल, टेट्राफ्लुओरोइथिलीन वायूचा सिलिंडर, व्हॉल्व्ह उघडला तर काही येईना. रिकामा झाला असेल म्हणून बाजूला टाकायचा, पण वजन केलं तर भरलेल्या सिलिंडरइतकं. मग करवतीने कापला तर आत पांढरी मेणचट पावडर. तेच टेफ्लॉन. आता समज त्याने वहीत "सिलिंडर रिकामा" असं अपेक्षित उत्तर लिहून टाकलं असतं तर?

रोटाव्हॅपवाला

बाई गं, तू इथे आलीस म्हणजे मला आता जपून लिहायला हवं.

पर्किनचं राहिलं सांगायचं. अठरा वर्षांचा होता, तुझ्याच आसपास, १८५६ मध्ये सुट्टीत घरच्या खोलीत क्विनाइन (मलेरियाचं औषध) बनवायला बसला आणि मिळाला काळा गाळ. आपण काय करतो, गाळ टाकतो आणि भांडं घासायला घेतो. तो अल्कोहोल घालून बघतो तर जांभळा रंग. मोव्ह नावाने कापडाला लागला, त्यातून कृत्रिम रंगांचा अख्खा उद्योग उभा राहिला. आणि गंमत अशी की तेव्हा जी माहिती होती त्यावर क्विनाइन बनणं शक्यच नव्हतं, त्याचा मूळ विचारच चुकलेला होता. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

तुझ्या प्रॅक्टिकलचं असं कर, पुढच्या वेळी जे येईल ते लिही आणि मला दाखव. सरांना काय दाखवायचं ते नंतर बघू.

कोडकेमी

काकांनी भाचीला, सॉरी पुतणीला, थेट बंडखोरी शिकवली.

पुतणी_तीच

आज टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रव घालून किती लागतं ते मोजणं) होतं. खरे आकडे लिहिलेत. पहिलं रीडिंग १०.९ मिली, मग १०.३, १०.३, १०.३. मैत्रीण म्हणाली पहिलं पण १०.३ कर, कोण बघतंय. नाही केलं. पण ते ०.६ मिली गेलं कुठे ते कळत नाहीये. पिपेट तीच, इंडिकेटर तेच, एंडपॉइंटला रंग पण तेवढाच फिका गुलाबी होता, मी जास्त घातलं नाही नक्की.

मोजूनमापून

फक्त पहिलंच जास्त आलं ना? आणि नंतरची तिन्ही सारखी? ब्युरेट (ज्या खुणांच्या नळीतून द्रव घालतेस ती) भरल्यावर कॉकच्या खाली, टोकात, हवेचा बुडबुडा होता का? सुरुवातीला तो बाहेर ढकलण्यात द्रव जातं, ते रीडिंगमध्ये धरलं जातं पण फ्लास्कमध्ये पडत नाही.

पुतणी_तीच

होता!!! मी बघितला होता आणि मला वाटलं त्याने काय होतंय

रोटाव्हॅपवाला

११२ टक्के घराण्यात स्वागत आहे.